नवी विजेची आली म्हणून साधी सायकल विकू नका

 

सध्या आमच्या गटांच्या बैठकांत कर्जाची एक नवीच मागणी येऊ लागली आहे. शिलाई मशीन झालं, शेळ्या झाल्या, पिठाची चक्की झाली. आता ताया म्हणतात, विजेच्या सायकलसाठी कर्ज द्या. म्हारळ, वरप, कांबा, रायते, गोवेली अशी मुरबाड रस्त्यावरची गावं घ्या, नाहीतर डोंबिवलीच्या कडेची गावं घ्या, कारण सारखंच असतं. भाजी बाजारात न्यायची, डबे पोचवायचे, स्टेशन गाठायचं. शेअर रिक्षाला रोज पैसे जातात आणि ती वेळेवर मिळेल याची खात्री नसते.

मागणी रास्त आहे. पण तिच्या मागोमाग एक प्रश्न येतो, "घरात पोराची जुनी रेंजर पडली आहे, ती विकून नवीत भर घालू का?" आज आम्ही याच प्रश्नाचं उत्तर देणार आहोत. उत्तर आहे, विकू नका. का, ते नीट समजून घेऊ.

आधी रेंजर म्हणजे काय ते पाहू. दुकानदार तिला माउंटन बाईक किंवा एमटीबी म्हणतो. जाड, खाचा असलेले टायर, सरळ हँडल, पुढच्या चिमट्याला शॉकअप आणि बऱ्याचदा गिअर. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही तरुणांनी जुन्या दणकट सायकली डोंगरावरून खाली दामटायला सुरुवात केली, त्यातून हा प्रकार निघाला. आज ठाण्यात उपवन तलावाकडून येऊरला चढणाऱ्या रस्त्यावर सुट्टीच्या सकाळी गेलात, तर अशा सायकलींची रांग दिसेल. शहरातली माणसं व्यायामासाठी तो चढ चढतात. आपल्याला व्यायामाची हौस नाही, तो रोजच होतो. पण जी सायकल डोंगराच्या वाटेवर टिकते, ती पावसाळ्यातल्या खड्ड्यांत आणि शेताच्या कच्च्या वाटेवरही टिकते. आपल्या कामाचा मुद्दा तो आहे.

विजेच्या सायकलला चाकाच्या मधोमध छोटी मोटर असते आणि दांड्यावर बॅटरी. आपण पायडल मारलं की मोटर हातभार लावते. काहींत मूठ पिळली की ती पायडल न मारताही चालते.

हा हातभार कुठे लागतो? ताईचं वजन, सायकल आणि वीस-पंचवीस किलो भाजी मिळून शंभर किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी दहा किलोमीटरने जायला साधारण ४० वॉट ताकद लागते. ती आपण सहज लावतो. आता शंभर मीटरला पाच मीटर वर जाणारा चढ आला. त्याच वेगाने जायचं तर ताकद लागते १६० ते १७० वॉट, म्हणजे चौपट. एवढी ताकद आपण थोडा वेळ लावू शकतो, पण पुढे धाप लागते आणि आपण खाली उतरून सायकल ढकलतो.

रेंजरचा गिअर इथे काय करतो? तो काम कमी करत नाही, काम सावकाश करू देतो. हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरतात आणि सायकल हळू चढते. वेग निम्मा झाला की लागणारी ताकदही जवळपास निम्मी होते. रिकाम्या सायकलला हे चालतं. भाजीचं ओझं घेऊन सकाळी बाजाराची वेळ गाठायची असेल, तर हळू चढणं परवडत नाही. तिथे मोटर हवी. म्हणून पहिला नियम असा, की ओझं, चढ आणि लांबचा पल्ला विजेच्या सायकलवर. शाळा, रेशन दुकान, अंगणवाडी, दळण, गटाची बैठक असं जवळचं काम साध्या सायकलवर.

आता पैशाकडे येऊ. दुकानात सांगतात, "तीन रुपयांत पंचवीस किलोमीटर!" हे खोटं नाही. बॅटरीवर ३६ व्होल्ट, ७.५ एएच असं काहीतरी लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार करा, २७० येतात. म्हणजे २७० वॉट-तास. विजेचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते, ती धरली तरी एका चार्जिंगला युनिटचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. युनिटला नऊ रुपये धरले तर झाले तीन रुपये.

पण हा अर्धाच हिशोब झाला. बॅटरी झिजते. अशी बॅटरी पाचशेच्या आसपास वेळा पूर्ण चार्ज झाली, की तिचा दम कमी व्हायला लागतो. नवी घ्यायला दहा हजार रुपये पडतील असं धरू. पाचशे चार्जिंग, प्रत्येकी पंचवीस किलोमीटर, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. दहा हजार रुपये भागिले साडेबारा हजार, म्हणजे किलोमीटरला ८० पैसे. विजेचा खर्च आहे किलोमीटरला १२ पैसे. बघा, जो खर्च रोज दिसतो तो १२ पैशांचा, आणि जो दिसत नाही तो ८० पैशांचा.

आता जुन्या रेंजरची किंमत कळेल. समजा एक ताई रोज वीस किलोमीटर फिरते, चौदा बाजारासाठी आणि सहा गावातल्या कामांसाठी. आठवड्याचे सहा दिवस. सगळं विजेच्या सायकलवर केलं, तर साडेबारा हजार किलोमीटर दोन वर्षांत संपतात. गावातले सहा किलोमीटर साध्या सायकलवर केले, तर तीच बॅटरी दोन वर्षं दहा महिने पुरते. दहा महिने जास्त! भंगारवाला रेंजरचे जे काही पैसे हातावर ठेवील, त्याच्याशी हे ताडून बघा.

तिसरी गोष्ट आपला पाऊस. ठाणे जिल्ह्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. २००५ चा २६ जुलै आपण विसरलेलो नाही. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली, तेही आठवत असेल. उल्हास नदी फुगली की रस्ते बंद होतात, वीज जाते. विजेची सायकल रिमझिम पावसात चालते, पण साचलेल्या पाण्यात मोटर बुडेल इतकी खोल घालू नये. आणि वीज गेली तर चार्ज कशावर करणार? बॅटरी संपली तरी ती पायडल मारून चालते, पण वीस-बावीस किलोचं धूड ओढताना जीव मेटाकुटीला येतो. अशा दिवसांत साधी सायकलच उपयोगी. रेंजरला मडगार्ड आणि कॅरिअर बहुतेक वेळा नसतात, तेवढे बसवून घ्या. पाऊस संपेपर्यंत चेनला तेल देत राहा, नाहीतर ती गंजते.

दुरुस्तीचंही तसंच. साध्या सायकलचं पंक्चर, ब्रेक, चेन गावातला माणूस करून देतो. विजेच्या सायकलचा कंट्रोलर गेला तर शहरातलं दुकान गाठावं लागतं. आमच्या एका गटातल्या डबेवाल्या ताईंची सायकल एका सुट्या भागासाठी अकरा दिवस दुकानात पडून होती. घरात साधी सायकल होती म्हणून त्यांचे डबे थांबले नाहीत. एका फेरीच्या दोन फेऱ्या झाल्या, पाय दुखले, पण गिऱ्हाईक टिकलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरात एकच सायकल उरली, आणि ती नवी, विजेची असली, तर ती कोण चालवतं? दुसऱ्या एका गटातल्या ताईंनी कर्ज घेतलं, जुनी रेंजर भंगारात दिली, विजेची आणली. पंधरा दिवसांत मुलगा ती स्टेशनला नेऊ लागला. "आई, तुला कुठे लांब जायचंय?" असं म्हणाला. संध्याकाळी सायकल घरी येते तेव्हा बॅटरी रिकामी. ताई परत रिक्षाच्या रांगेत, आणि कर्जाचा हप्ता मात्र त्यांच्याच नावावर. आधी निदान रेंजर तरी होती, आता तीही नाही. मुलगा वाईट नाही हो. घरात एकच चांगली वस्तू असली की ती कोणाकडे जाते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. दोन सायकली असल्या तर घरात निदान बोलणी करता येतात. ज्याच्याकडे ओझं नाही, त्याने साधी न्यावी. तरण्याताठ्या मुलाला रेंजर जड जात नाही.

आणि घरातल्या मुलीचं काय? साधी सायकल राहिली तर ती तिची शाळा-कॉलेजची सोय होते. मुलींच्या शिक्षणाला सायकलने किती बळ येतं, हे सरकारलाही पटलं आहे. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते.

काही ताया म्हणतात, "आम्हाला सायकल येतच नाही, एकदम विजेचीच शिकू." तसं करू नका. विजेची सायकल पायडलवर पाय टेकताच पुढे झेप घेते. ती जडही असते. नवख्या बाईचा तोल जातो. तोल सांभाळणं आणि ब्रेक मारणं साध्या सायकलवर शिका, मग विजेचीवर बसा. रेंजरचा आडवा दांडा साडीत अडचणीचा होतो हे खरं. सीट खाली घ्या, पंजाबी ड्रेस घाला, आणि पहिले आठ दिवस मोकळ्या मैदानात शिका. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. शेतमजूर बायका, खाणीतल्या बायका, अंगणवाडीच्या ताया अशा हजारो जणी शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि पुढच्या दांड्यावर लेकरू बसवता येतं म्हणून काहींना त्याच जास्त आवडल्या.

विजेची सायकल घेताना चार गोष्टी बघा.

एक, मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. अशा सायकलला लायसन्स, नंबरप्लेट लागत नाही. कोणी म्हणालं, "ही चाळीसने पळते आणि लायसन्सही नको," तर उठून या. कायद्याने ती मोटारगाडी ठरते. तिला आरटीओची नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं.

दोन, बॅटरी कुलूप उघडून काढता येणारी हवी, म्हणजे सायकल बाहेर ठेवून बॅटरी घरात चार्ज करता येते. वॉरंटीत बॅटरी किती महिने धरली आहे, ते बिलावर लिहून घ्या.

तीन, चार्जिंग दिवसा, डोळ्यांसमोर, फरशीवर करा. गादीवर नको, चुलीजवळ किंवा गॅसजवळ नको, दाराच्या वाटेत नको. चार्जर सायकलबरोबर आलेलाच वापरा. बॅटरी फुगली, तापली किंवा वास आला तर वापर बंद करा. महिनाभर सायकल वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी चार्ज करून कोरड्या जागी ठेवा.

चार, बिल स्वतःच्या नावावर करा. कर्ज बाईच्या नावावर आणि सायकल दुसऱ्याच्या, असं नको.

गटासाठी आमची सूचना अशी आहे. सायकलच्या कर्जाचा अर्ज आला की त्यात दोन प्रश्न विचारा. घरात साधी सायकल आहे का, आणि ती ठेवणार का? मग कर्जाच्या हप्त्याबरोबर बॅटरीसाठी वेगळी बचत सुरू करा. दोन वर्षांत दहा हजार जमवायचे तर महिन्याला सव्वाचारशे रुपये होतात. दोन वर्षं दहा महिन्यांसाठी तीनशेच्या आत भागतं. ही रक्कम गटाच्या वहीत वेगळ्या पानावर लिहा आणि दुसऱ्या कशाला वापरू नका. नाहीतर बॅटरी संपेल त्या महिन्यात धंदा बंद आणि पुन्हा कर्ज.

आणि ज्यांच्याकडे विजेची घेण्याइतके पैसे आज नाहीत, त्यांनी मन लहान करू नये. माळ्यावर पडलेली रेंजर खाली काढा. टायर-ट्यूब, ब्रेक आणि चेन ठीक करून घ्या, कॅरिअर बसवा. सुरुवात तिच्यावर होते. पुढे विजेची आली तरी हिला घरातच ठेवा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगावं, घरात किती सायकली आहेत आणि त्यातली कोणती आपण स्वतः चालवतो. उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ते पान पुन्हा उघडू.