सणांची गोडी आणि मुलांचे दात

दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, पाडव्याची साखरेची गाठी आणि पोळ्याची पुरणपोळी यांवाचून आपल्याकडील मुलांचे वर्ष पुरे होत नाही. केज तालुक्यातील नांदूरघाट असो की जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव असो, सणाच्या दिवशी मुलाने गोड खाऊ नये असे सांगणे व्यर्थ आहे आणि ते उचितही नव्हे. खरा प्रश्न गोड खावे की नाही हा नसून, ते केव्हा खावे, दिवसातून कितीदा खावे आणि खाल्ल्यानंतर काय करावे हा आहे. या तीन गोष्टी घरोघरी पोहोचविण्याचे कार्य प्राथमिक शिक्षकाइतके सहजतेने दुसरे कोण करू शकेल ?

दात दुखू लागला की ‘दाताला कीड लागली’ असे आपण म्हणतो. कोठे कोठे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ते किडे पाडल्याचेही दाखविले जाते. वस्तुतः दातात किडा नसतो. विलबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने बर्लिन येथे संशोधन करून १८९० साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. तोंडातील सूक्ष्म जंतू अन्नातील साखर व पिष्ट आंबवितात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दातातील चुन्याचा अंश विरघळविते, असे त्यात त्याने प्रतिपादिले. दंतक्षयाचे मूळ ते हेच.

गोड पदार्थ तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवरील चिकट थरात आम्ल वाढते. ते एका मर्यादेपलीकडे गेले की दाताचे कठीण कवच झिजू लागते. मात्र निसर्गाने लाळेच्या रूपाने संरक्षणाची योजनाही केली आहे. लाळ आम्ल सौम्य करते व गेलेला चुना काही अंशी परत भरून काढते. या कार्यास साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो. समजा, एका मुलाने जेवणाबरोबर दोन लाडू व चार शंकरपाळे खाल्ले, तर त्याच्या दातांवर आम्लाचा एकच हल्ला झाला. दुसऱ्याने तेवढाच फराळ खिशात घालून दिवसभर थोडा थोडा खाल्ला, तर हल्ला होत राहिला आणि लाळेस उसंतच मिळाली नाही. फराळ तोच, परंतु परिणाम निराळा.

या तत्त्वाचा पडताळा स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४५ ते १९५३ या काळात आला. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने किडीत अल्प वाढ झाली, तर जेवणांच्या मधल्या वेळी दिलेल्या चिकट टॉफीने ती फार मोठ्या प्रमाणात वाढली. हा प्रयोग एका संस्थेतील मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीवाचून करण्यात आला आणि अनेकांचे दात त्यात कायमचे नष्ट झाले. इतकी किंमत देऊन मिळालेल्या या ज्ञानाचा उपयोग न करणे योग्य ठरणार नाही.

गूळ हा साखरेहून निरुपद्रवी असतो, ही समजूतही दूर केली पाहिजे. इतर दृष्टींनी त्याचे गुण काहीही असोत, दातांच्या बाबतीत गूळही मुख्यतः साखरच होय. चिक्की व पाकातली तिळवडी तर दाढांच्या खाचांत चिकटून बसते. म्हणून ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणताना मुलास पाण्याचा पेलाही द्यावा.

शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. दुधाचे दात २० असतात व ते पडतात, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु मूल सुमारे सहा वर्षांचे झाले, म्हणजे पहिलीत आले, की दुधाच्या दाढांच्या मागे वरखाली, दोन्ही बाजूंस मिळून चार नव्या दाढा उगवतात. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून पालक त्यांनाही दुधाच्याच दाढा समजतात. ‘पडणारच आहे, किडली तर किडू द्या’ असे म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. वास्तविक या कायमच्या दाढा होत. त्या गेल्या तर त्यांच्या जागी पुन्हा उगवत नाहीत. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात व नव्याने उगवलेल्या दाढेचे कवच पुरते पक्के झालेले नसते. म्हणून पहिली व दुसरीच्या वर्गात या चार दाढांची ओळख प्रत्येक मुलास व त्याच्या पालकांस करून द्यावी.

आपल्या जिल्ह्यापुढे आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी असंख्य कुटुंबे बाहेर पडतात. काही मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, तर काही आईबापांबरोबर फडावर जातात. फडावरील मुलास ऊस हाच खाऊ असतो आणि दिवसभर ऊस चघळणे म्हणजे दात सतत साखरेच्या रसात ठेवणे होय. अशा कुटुंबाचा निरोप घेताना शिक्षकाने मुलाच्या दप्तरात दात घासण्याचा ब्रश आहे की नाही हे पाहावे. ऊस जेवणानंतर खावा व मग चूळ भरावी, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. वसतिगृहात तर रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी एकत्र दंतधावन करण्याचा परिपाठ ठेवता येतो.

दात सकाळी व रात्री घासावेत. त्यांपैकी रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते व अडकलेल्या गोडाचा नाश करणारे कोणी राहत नाही. त्यानंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये. शाळकरी मुलास सुमारे १००० भाग प्रती दहा लाख इतके फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. ती थुंकावी, गिळू नये. आठ वर्षांखालील मुलाचे दात मोठ्या माणसाने घासून द्यावेत. जेथे भूजलात फ्लोराइड अधिक असते तेथे दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, म्हणून असे डाग अनेक मुलांत दिसल्यास पाण्याची तपासणी करवून घ्यावी.

राखुंडी, कोळसा व विटेची पूड यांनी कवच झिजते. मिश्री ही तर जाळलेली तंबाखूच होय. दात स्वच्छ होतात या समजुतीने ती घरातील स्त्रियांपासून मुलांपर्यंत येते व तिचे व्यसन जडते. तंबाखूयुक्त दंतमंजन व पेस्ट यांवर भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली आहे. निंबाची किंवा बाभळीची काडी वापरायची असल्यास ती चावून मऊ करावी व हिरड्यांस इजा होऊ देऊ नये.

वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवावा. अंड्याचे टरफल लिंबाच्या रसात ठेवावे. त्यावर बुडबुडे येतात व हळूहळू ते मऊ पडते. टरफल व दात यांचे द्रव्य अगदी एक नसले, तरी चुन्यावर आम्ल काय करते हे मुलांस डोळ्यांनी दिसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून आरोग्य पथके शाळांतून तपासणी करतात व तीत दातांचाही समावेश असतो. ज्यांची दाढ काळी पडली आहे वा ठणकते अशा मुलांची नावे शिक्षकाने आधीच टिपून ठेवावीत. पथकाने पुढे पाठविलेले मूल खरोखरच रुग्णालयात पोहोचले की नाही, याचीही विचारपूस करावी.

दाढदुखीने रात्रभर जागलेले मूल दुसऱ्या दिवशी पाढे म्हणू शकत नाही. त्याची अनुपस्थिती हजेरीपटावर दिसते, परंतु तिचे कारण त्यावर लिहिलेले नसते. ते कारण शोधणे व वेळीच टाळणे हाही अध्यापनाचाच भाग आहे.