तारापूरचा अणू आणि छपरावरचं ऊन

डहाणूच्या किनाऱ्यावर टांगलेले बोंबील कोण वाळवतं? ऊन! आणि ऊन कुठून येतं? सूर्याच्या पोटात हायड्रोजनची अणुकेंद्रकं एकमेकांना जोडली जाऊन हेलियम बनतो. त्यात दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमानाची ऊर्जा होते. म्हणजे सूर्य ही अणुभट्टीच की! १५ कोटी किलोमीटरवरून तिचा उजेड तलासरीच्या पत्र्यांवर पोचायला सव्वाआठ मिनिटं लागतात.

दुसरी अणुभट्टी मात्र अगदी शेजारी आहे, डहाणूच्या दक्षिणेला, तारापूरला. १९६९ मध्ये भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र इथेच सुरू झालं. इथे अणू जोडत नाहीत, फोडतात. कॅरमच्या स्ट्रायकरसारखा एक न्यूट्रॉन युरेनियमच्या केंद्रकावर आदळतो, केंद्रक फुटतं आणि त्यातून आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते पुढची केंद्रकं फोडतात. या फुटाफुटीतून प्रचंड उष्णता निघते, तिने पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते. डहाणूच्या औष्णिक केंद्रातही वाफच टर्बाइन फिरवते, फक्त तिथे कोळसा जळतो आणि धूर होतो. तारापूरला धूर नाही.

सोलर पॅनेलमध्ये तर वाफही नाही आणि फिरणारं चाकही नाही! उजेड सिलिकॉनवर पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज वाहू लागते. मला तरी याचंच जास्त नवल वाटतं.

आता एक गंमतशीर हिशेब करू. युरेनियम-२३५ या प्रकारचं एक ग्रॅम युरेनियम पूर्ण फुटलं, तर साधारण ७ हजार युनिट वीज मिळते. छपरावरच्या एक किलोवॉटच्या पॅनेलला तेवढी वीज करायला जवळजवळ पाच वर्षं लागतील. एवढीशी चिमूट आणि पाच वर्षांचं ऊन!

मग सगळीकडे अणुवीजच का नको? कारण वापरलेलं इंधन हजारो वर्षं किरणोत्सारी राहतं आणि ते फार जपून सांभाळावं लागतं. शिवाय तारापूरच्या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना आपली गावं सोडावी लागली, हेही विसरायला नको. सौर विजेचीही अडचण आहेच. रात्री ती बंद, आणि आषाढातल्या झडीत अगदी कमी. एक मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते. त्यासाठी चिकूच्या वाड्या तोडायच्या का? मुळीच नाही! छपरं आहेत ना. पाड्यावरच्या घराला, शाळेला, विहिरीवरच्या पंपाला ऊन पुरेल. रात्रंदिवस धावणाऱ्या लोकलला आणि कारखान्यांना मात्र तारापूरसारखी न थांबणारी वीजही हवी.

आपल्याकडे पॅनेलचं तोंड दक्षिणेला ठेवतात, कारण वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तुमच्या शाळेच्या छपराची दक्षिणेकडची बाजू मोकळी आहे, की तिच्यावर झाडाची सावली पडते? भर दुपारी बघा आणि आम्हाला पत्राने नक्की कळवा.