इंजिन चालू, गाडी उभी

इंजिनाची फिरकी मागच्या चाकांपर्यंत पोचवणाऱ्या भागांच्या संचाला ड्राइव्हट्रेन म्हणतात. क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याचे जॉइंट, मागच्या ॲक्सलच्या घरातले (हाउसिंगमधले) क्राउन-पिनियन, डिफरन्शियल, दोन हाफ शाफ्ट आणि शेवटी चाकाचे हब, असा तिचा क्रम असतो. व्हिंटेज मोटारीत यांतला एखादा दुवा अचानक निकामी झाला की इंजिन सुरळीत चालत राहते, ॲक्सिलरेटर दाबला की त्याचा आवाज चढतो, गिअरही पडतो, पण गाडी जागची हलत नाही. अशा बिघाडाच्या निदानात तुटलेला भाग शोधणे हे अर्धे काम. तो का तुटला हे शोधणे उरलेले अर्धे, आणि ते अधिक अवघड, कारण तुटलेला भाग बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या भागाच्या चुकीची शिक्षा भोगत असतो.

हा विषय समजून घ्यायला म्हैसूर फार सोयीचे शहर आहे. म्हैसूर-बेंगळुरू महामार्गावर श्रीरंगपट्टणजवळ नागुवनहळ्ळी येथे धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांच्या संग्रहातील मोटारींचे ‘पयण’ हे संग्रहालय २०२३ साली उघडले. शहराच्या दुसऱ्या बाजूला, हुन्सूर रस्त्यावरच्या हूटगळ्ळी औद्योगिक वसाहतीत, पुण्याच्या कल्याणी समूहाने अमेरिकी भागीदारासह १९८१ साली स्थापन केलेली ‘ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स’ ही कंपनी ट्रक-बसचे ॲक्सल बनवते. म्हणजे जुन्या गाडीचा जो भाग अनेकदा दगा देतो, तोच भाग आधुनिक रूपात याच गावात तयार होतो. यादवगिरीत १९६१ पासून १९९६ पर्यंत आयडियल जावाचा कारखाना चालला. जावाच्या मोटारसायकलींमुळे क्लच, प्राथमिक चेन आणि गिअर यांची दुरुस्ती ही इथल्या गॅरेजांची रोजची विद्या झाली. गिअरचा लिव्हर हलवला की क्लच आपोआप सुटावा अशी त्या गाडीची रचना होती, त्यामुळे क्लचची जुळणी जराशी चुकली तरी गिअर ओरडून सांगत असे.

गाडी थांबल्यावर पहिला प्रश्न असतो, तिची गती तुटली की अडकली? दोन्ही बिघाड अचानकच येतात, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. गती अडकली असेल तर मागची चाके फिरतच नाहीत. पिनियनचे बेअरिंग फुटलेले असते, क्राउनचा तुटलेला दात दुसऱ्या दातांत रुतलेला असतो, किंवा गिअरबॉक्समध्ये दोन गिअर एकाच वेळी पडलेले असतात. अशी गाडी जोर लावून ढकलली की एका दाताचे नुकसान दहा दातांचे होते. गती तुटली असेल तर गाडी ढकलल्यावर सहज पुढे जाते. थांबण्याच्या क्षणी कोणता आवाज आला, हे चालकाला लगेच, तो विसरण्याआधी विचारावे. एकच मोठा ‘टाड’ असा आवाज बहुधा शाफ्टचा किंवा हबला शाफ्टवर धरणाऱ्या चावीचा असतो. खडखडाट होऊन गाडी थांबली असेल तर दातांकडे संशय जातो. आवाज न होता इंजिनाचा वेग चढत गेला आणि गाडी मंदावत गेली असेल, तर क्लच घसरला आहे.

यानंतरची पायरी सुरक्षिततेची आहे आणि ती टाळता येत नाही. गती तुटलेल्या गाडीला इंजिनाचा रोध मिळत नाही, गिअरमध्ये टाकून ठेवली तरी ती उतारावर थांबत नाही. म्हणून आधी चाकांना दगड किंवा उटी लावाव्या लागतात. हाफ शाफ्ट बाहेरच्या टोकाशी तुटला असेल, तर काही रचनांमध्ये चाक ब्रेक-ड्रमसकट निसटून बाहेर येऊ शकते. फोर्ड मॉडेल टीमध्ये धोका याहून मोठा आहे. तिचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून ट्रान्समिशनच्या आतल्या ड्रमवर चालतो. तिच्या मागच्या ॲक्सलमधल्या दाब झेलणाऱ्या चकत्या मुळात बॅबिट या मऊ मिश्रधातूच्या होत्या. वयाने त्यांचा भुगा होतो, क्राउन पिनियनपासून दूर सरकतो आणि त्याच क्षणी गाडीची ओढ आणि ब्रेक दोन्ही जातात. मॉडेल टी रस्त्यावर आणण्यापूर्वी त्या चकत्या काढून ब्राँझच्या बसवणे ही जाणकारांची पहिली अट असते, आणि ती रास्तच आहे. म्हैसूरहून मसिनगुडीमार्गे उटीला जाणाऱ्या कल्हट्टी घाटात ३६ हेअरपिन वळणे आहेत. अशा उतारावर ही चकती फुटली तर चालकाच्या हातात फार थोडे उरते.

आता गाडी न खोलता करायच्या परीक्षा. सर्वांत उपयोगी परीक्षा सर्वांत सोपी आहे: फिरकी कुठपर्यंत पोचते ते पाहायचे. प्रॉपेलर शाफ्ट उघडा असेल, तर चाकांना उटी लावून, एकाने आत बसून गिअर टाकावा आणि दुसऱ्याने बाजूला, दूर उभे राहून शाफ्टकडे पाहावे. चालू इंजिनाच्या गाडीखाली कुणीही शिरू नये. शाफ्ट फिरतो आणि चाके फिरत नाहीत, तर दोष मागे आहे. शाफ्ट स्थिर आहे, तर दोष क्लचमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये. एका नजरेत निम्मी ड्राइव्हट्रेन संशयातून मोकळी होते.

इथे नवख्या माणसाला हमखास चकवणारी गोष्ट येते. हाफ शाफ्ट दोन असतात, मग एक तुटल्यावर दुसऱ्या चाकाने तरी गाडी ओढायला नको का? डिफरन्शियल तसे होऊ देत नाही. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून ते दोन्ही बाजूंना सारखाच जोर वाटते. एका बाजूला रोध शून्य झाला की दुसऱ्या बाजूलाही शून्य जोर मिळतो. सगळी फिरकी तुटलेल्या बाजूने वाया जाते.

फोर्ड, ब्यूक, शेव्हरोले अशा अनेक जुन्या अमेरिकी गाड्यांत प्रॉपेलर शाफ्ट टॉर्क ट्यूब नावाच्या नळीत बंद असतो, त्यामुळे तो पाहता येत नाही. तेव्हा परीक्षा हाताने करायची. इंजिन बंद करून, मागची दोन्ही चाके स्टँडवर उचलून, गिअर टाकून एक चाक फिरवावे. निरोगी गाडीत दुसरे चाक उलट दिशेने फिरते. दुसरे हललेच नाही तर दोहोंपैकी एक शाफ्ट किंवा एका हबची चावी गेली आहे. कोणत्या बाजूची, हे हाताला कळते: ज्या चाकाला फिरवताना आतले दात चालल्याची जाणीव होत नाही, ती बाजू दोषी. मग त्या हबची टोपी काढून शाफ्टच्या टोकाच्या नटकडे पाहावे. चाक फिरते आणि नट स्थिर राहतो, तर चावी कापली गेली आहे. चाकाबरोबर नटही फिरतो, तर शाफ्ट आत कुठेतरी तुटला आहे. दोन्ही चाके एकाच दिशेने कोणत्याही रोधाशिवाय फिरत असतील, तर मात्र शाफ्ट सोडून क्राउन-पिनियन आणि त्याच्या पुढच्या भागांकडे वळावे लागते.

दोष पुढे असेल तर कानाचे काम सुरू होते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना गिअरबॉक्समधून मंद गुंजन येते, आणि क्लच दाबून धरल्यावर ते थांबते. हे गुंजन मुळीच येत नसेल आणि क्लच न दाबताही गिअर न कुरकुरता पडत असेल, तर फिरकी गिअरबॉक्सपर्यंत पोचतच नाही. क्लच प्लेटच्या मध्यभागाचे रिव्हेट उडून तो कडेपासून सुटलेला असण्याची शक्यता मोठी. पेडल मात्र पूर्वीसारखेच लागते, म्हणून चालक अनेकदा क्लचवर संशयच घेत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गाड्यांत शंकूच्या आकाराच्या क्लचवर चामडे असे. ते कोरडे पडले की झटका देऊन पकडते, तेलकट झाले की घसरते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत उलटाच प्रकार होतो: दमट हवेत प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटते आणि क्लच सुटेनासा होतो. संग्रहालयातल्या गाड्यांना हा आजार वापरातल्या गाड्यांपेक्षा जास्त होतो.

गिअरबॉक्सचे आणि मागच्या घराचे तेल काढणे ही खोलण्याआधीची शेवटची पायरी. तेल स्वच्छ ताटात घ्यावे आणि त्यात चुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, म्हणजे दातांचे किंवा बेअरिंगचे. न चिकटणारी पिवळी चमक बुशची. पिवळा चुरा जास्त असेल तर तेलही तपासावे, कारण आधुनिक डिफरन्शियल तेलांत गंधक आणि फॉस्फरसयुक्त रसायने असतात आणि जुन्या गाड्यांतील ब्राँझच्या भागांना ती बाधतात. जास्त किमतीचे तेल जुन्या गाडीला चांगलेच असेल, असे मानू नये.

शाफ्ट तुटलेला सापडला की त्याचा तुटलेला चेहरा पुसून, प्रकाशात धरून वाचावा लागतो. समुद्राच्या ओसरत्या पाण्याने वाळूवर काढाव्यात तशा वक्र रेघा त्यावर दिसल्या, तर ती थकव्याने वाढलेली जुनी भेग आहे. रेघा जिथून सुरू होतात तिथे भेगेचा जन्म. तो बहुधा चावीच्या खाचेच्या तीक्ष्ण कोपऱ्यात किंवा शाफ्टवरचे स्प्लाइन (लांब दाते) संपतात तिथे झालेला असतो. उरलेला खरबरीत, चमकदार भाग शेवटच्या दिवशी तुटलेला. सगळाच चेहरा ताजा आणि पिळवटलेला असेल, तर एकाच वेळी प्रचंड जोर आला होता. हा जोर केवढा असतो? पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि क्राउन-पिनियनचे ४.५ धरले, तर इंजिनाचा पीळ जवळपास १६ पट होऊन दोन शाफ्टांत वाटला जातो. चढावर थांबलेली गाडी क्लच झटक्यात सोडून उचलली की तो आणखी वाढतो. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर चाचणी जिंकलेली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी घेतलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट घाट चढली होती, त्या कर्तबगारीत इंजिनाइतकाच या दडलेल्या शाफ्टांचा वाटा होता.

कापलेली चावी ही कारण न शोधता दुरुस्त केल्या जाणाऱ्या बिघाडांतली सर्वांत सामान्य गोष्ट. निमुळत्या शाफ्टवर हब बसतो तेव्हा पीळ वाहून नेण्याचे काम दोन पृष्ठभागांतील घर्षणाने करायचे असते. चावी हबला फक्त जागेवर धरते. नट सैल झाला की घर्षण जाते, सगळा भार चावीवर येतो आणि काही दिवसांत ती कापली जाते. नवी चावी ठोकून गाडी सोडली तर ती पुन्हा कापली जाणार, यात शंका नाही. योग्य काम असे: शाफ्टला निळा रंग लावून हब बसवायचा, काढायचा आणि रंग कुठे उमटला ते पाहायचे. स्पर्श सगळीकडे नसेल तर घासणीची पेस्ट लावून दोन्ही पृष्ठभाग जुळवायचे, मग ते स्वच्छ पुसून नट पूर्ण ताकदीने आवळायचा. हब काढताना पुलरच वापरावा. हातोड्याने काढलेला हब शाफ्टचे टोक आणि आतली बेअरिंग दोन्ही बिघडवतो.

क्राउन-पिनियन गेले असेल तर काम महागते. हे दोन भाग जोडीने घासून जुळवलेले असतात आणि जोडीनेच बदलावे लागतात. ट्रकचा ॲक्सल असो की १९३०ची मोटार, हा नियम दोन्हीकडे सारखा. दातांना रंग लावून स्पर्शाचा ठसा पाहणे, शिम घालून पिनियन पुढे-मागे करणे, दोन्हींमधला प्ले मोजणे, या कामात घाईला जागा नाही. शाफ्ट नवा करायचा झाला तर चांगल्या मिश्र पोलादातून लेथवर काढून, स्प्लाइन कापून, उष्णता देऊन तो तयार करतात. खाचेचे कोपरे गोल ठेवण्याचा आग्रह मालकाने जरूर धरावा. पण मूळ शाफ्टपेक्षा फार कठीण शाफ्ट करण्याचा मोह टाळलेला बरा. सुटा शाफ्ट तुटतो म्हणून अनेक गाड्यांत क्राउन वाचतो, आणि क्राउन मिळवणे शाफ्ट मिळवण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. ती रोजच्या प्रवासाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती यांसारख्या ठरावीक कारणांसाठीच ती रस्त्यावर येते. त्यामुळे दीर्घ विश्रांती आणि मग एकदम रॅलीचा ताण, हेच अशा गाडीच्या ड्राइव्हट्रेनच्या आयुष्याचे वेळापत्रक होऊन बसते.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी सपाट रस्त्यावर, कमी वेगाने आणि हलक्या ओझ्याने घ्यावी. परत आल्यावर हबचा नट पुन्हा आवळून त्याची स्प्लिट पिन नवी घालावी, कारण जुळवलेला हब पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडा आणखी आत बसतो. म्हैसूरच्या चामुंडी टेकडीचा चढ यानंतर. तो उतरून आल्यावर मागच्या घराचे तेल पुन्हा काढून त्यात चुंबक फिरवावे. चुंबकाला बारीक करडी लुगदी लागली तर नवे दात एकमेकांशी बसत आहेत. धातूची पत्री सापडली तर घर पुन्हा खोलावे लागते.