प्रश्न कोणाचा, अभ्यास कोणाचा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, दारूखान्याच्या बाजूला, एका जुन्या धक्क्यावर कौला बंदर नावाची वस्ती आहे. जमीन पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्र सरकारची. त्यामुळे राज्याच्या १९७१च्या झोपडपट्टी कायद्याखाली ती 'घोषित' होत नाही, आणि घोषित नाही म्हणून तिथे वर्षानुवर्षं पालिकेचा नळ नव्हता. तरीही घरोघरी पाणी भरलं जाई. मोठ्या रस्त्याखालच्या पालिकेच्या लाइनला काहीजण मोटर लावत, तिथून लांबलचक रबरी पाइप गल्ल्यांत शिरत, आणि घरासमोरचे ड्रम पैसे मोजून भरून घ्यावे लागत. मोटर बिघडली, लाइनवर धाड पडली किंवा दाब कमी झाला, की त्या दिवशी आंघोळीला सुट्टी.

हे पाणी किती महाग पडतं, याचा हिशेब काही वर्षांपूर्वी पद्धतशीरपणे मांडला गेला. पालिकेचा दर तेव्हा हजार लिटरला २.२५ रुपये होता. कौला बंदरची माणसं त्याच्या पन्नास पटींहून अधिक पैसे मोजत होती. शहरातलं सर्वांत महाग पाणी शहरातली सर्वांत गरीब माणसं पीत होती. ड्रममध्ये साठवल्यावर ते दूषित कसं होतं, माणशी रोज किती लिटर वाट्याला येतं, हेही मोजलं गेलं. २०१३ साली हा अभ्यास सार्वजनिक आरोग्याच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. त्यात हार्वर्डशी संबंधित डॉक्टर होते. पण दारोदार जाऊन प्रश्नावली भरणारी, कोणाच्या घरी किती वाजता मोटर चालू होते हे ठाऊक असणारी फौज होती वस्त्यांतच वाढलेल्या तरुण मुलामुलींची. त्यांना 'बेअरफुट रिसर्चर' म्हणत. त्यांना तयार केलं होतं 'पुकार' या मुंबईच्या संस्थेनं.

पुकार म्हणजे 'पार्टनर्स फॉर अर्बन नॉलेज, ॲक्शन अँड रिसर्च'. मुंबईत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठांत नाव काढलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी मुंबईतल्या काही मंडळींबरोबर २००१च्या सुमारास तिचा पाया घातला. २००६ साली अप्पादुराईंनी 'संशोधनाचा हक्क' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक लेख लिहिला. त्यातली मांडणी थोडक्यात अशी: आपल्याला जे माहीत नाही, पण जगण्यासाठी माहीत असणं गरजेचं आहे, ते पद्धतशीरपणे शोधून काढण्याची ताकद ही काही प्राध्यापकांची मिरासदारी नव्हे. नोकरी कुठे मिळेल, घर पाडणार की राहणार, आजाराचं कारण काय, हे ज्याला शोधता येत नाही त्याचं नागरिकत्व अर्धवटच. म्हणून शिक्षण आणि मतदानासारखाच संशोधन हाही हक्क मानला पाहिजे.

लेखात हे वाचायला छान वाटतं. पण रोज सकाळी कामाला जाणाऱ्या, बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या पोराला संशोधक करायचं तर करायचं कसं? पुकारची खरी कमाई या 'कसं'मध्ये आहे.

२००५ साली संस्थेनं युवा फेलोशिप सुरू केली. सर रतन टाटा ट्रस्टनं तिला पैसा पुरवला. त्याच सुमारास संस्थेची धुरा डॉ. अनिता पाटील-देशमुख यांच्याकडे आली. त्या मूळच्या नवजात बालकांच्या डॉक्टर, अमेरिकेत बरीच वर्षं काम करून परतलेल्या. फेलोशिपची चौकट साधी आहे. साधारण दहाजणांचा गट, वय अठरा ते तीस, मुदत वर्षभराची. पदवीची अट नाही. विषय गटानं स्वतःच्या जगण्यातून निवडायचा, वरून कोणी देणार नाही. काम मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्याला जे जमेल त्या भाषेत. मधल्या काळात कार्यशाळा: मुलाखत कशी घ्यावी, नकाशा कसा काढावा, फोटो काढण्याआधी परवानगी का मागावी, समोरच्यानं नाही म्हटलं तर मुकाट्यानं का उठावं. वर्षाअखेरीस सगळं काम लोकांपुढे मांडायचं.

यातला सर्वांत अवघड टप्पा पहिलाच असतो: प्रश्न ठरवणं. दहाजण जमले की विषय येतात ते निबंधाच्या वहीतले. स्त्रियांच्या समस्या, व्यसनाधीनता, बेरोजगारी. इथून खाली उतरवावं लागतं. समजा, एखाद्या गटानं 'आमच्या भागातल्या मुलींचं शिक्षण' हा विषय आणला. कोणत्या मुली? चाळीतल्या. शिक्षणात काय अडतं? घरी जागा नाही. मग अभ्यास कुठे करतात? वाचनालयात. सगळ्या? नाही, संध्याकाळनंतर मुली दिसतच नाहीत. का? या 'का'पाशी गट थांबला की अभ्यासाला तोंड फुटलं. आता वाचनालयाच्या दारापाशी घड्याळ लावून बसता येतं, किती मुलगे आणि किती मुली कोणत्या वेळी आत गेल्या ते टिपता येतं, घरापासून तिथपर्यंतच्या रस्त्यावर दिवे किती आणि कोपऱ्यावर कट्टा कोणाचा याचा नकाशा काढता येतो. वहीत रकाने पडले की नुसतं मत पुरत नाही, पुरावा मागावा लागतो; आणि तो आधी स्वतःकडेच मागावा लागतो. गटातल्या मुलग्यांच्या लक्षात येतं की कोपऱ्यावरचा तो कट्टा आपलाच आहे.

अप्पादुराईंच्या मांडणीत एक सूत्र आहे: नोंद करणं हाच हस्तक्षेप. कॅमेरा आणि वही घेऊन आपल्याच गल्लीत उभं राहिलं की गल्ली प्रश्न विचारते, 'काय रे, सर्व्हेवाले का? झोपड्या तोडणार का?' त्या प्रश्नाला उत्तर देताना पोराला शहराच्या कारभाराची ओळख होते: कट-ऑफ तारीख म्हणजे काय, फोटोपास कोणाला मिळतो, वॉर्ड ऑफिसात कोणत्या टेबलावर जायचं. नागरिकशास्त्राच्या धड्यातून हे कधी शिकता येत नाही.

मुंबईला ही परंपरा नवी नाही. गोविंद नारायण माडगावकर यांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली निघालं. ते पेशानं शिक्षक. गल्ल्या, बाजार, देवळं, गिरण्या, भाव, जातीजमाती, सगळं त्यांनी हिंडून-विचारून गोळा केलं आणि मराठीत लिहिलं. १८८९ साली आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' आला. विद्यापीठात शहर हा अभ्यासाचा विषय होण्याच्या कितीतरी आधी हौशी माणसांनी मुंबईची दप्तरं बांधली होती.

विसाव्या शतकात त्यात दुसरा प्रवाह मिसळला, तो संघटनांचा. १९८५ साली भायखळा परिसरातल्या फुटपाथवरच्या सहा हजारांच्या आसपास कुटुंबांची मोजणी 'स्पार्क' या संस्थेनं तिथल्या बायकांच्या मदतीनं केली. फुटपाथवरची माणसं सरकारी नोंदींत कुठेच नव्हती, म्हणून अहवालाचं शीर्षकच 'आम्ही अदृश्य' अशा अर्थाचं होतं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो असं म्हटलं; पण फुटपाथ मोकळे करायला मज्जावही केला नाही. आकडे आपल्या हातात असले की पालिकेशी बोलताना आवाज बदलतो, हे पुढे 'महिला मिलन' या संघटनेत एकत्र आलेल्या तिथल्या बायकांनी आणि जॉकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासी महासंघानं ओळखलं. अप्पादुराईंनी या मंडळींचं काम जवळून पाहिलं आणि त्यावर लिहिलं. पुकारची मुळं तिथवर जातात.

तिसरा धागा गिरणगावाचा. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. पुढे गिरण्या गेल्या आणि टॉवर आले. सरकारदरबारी नोंद राहिली ती जमिनीच्या एफएसआयची, म्हणजे बांधता येणाऱ्या चटईक्षेत्राची. कामगाराची नोंद आर्किटेक्ट नीरा आडारकर आणि पत्रकार-कार्यकर्त्या मीना मेनन यांनी केली. शाहीर, खानावळवाल्या, कम्युनिस्ट, शिवसैनिक, सगळ्यांच्या तोंडून गिरणगाव ऐकून त्यांनी २००४ साली मौखिक इतिहासाचं पुस्तक सिद्ध केलं. संप फुटला कसा याचं उत्तर ऐकायचं तर अशाच पुस्तकाकडे जावं लागतं.

पुकारच्या सुरुवातीच्या कामांपैकी सर्वांत दूरवर गेलेला प्रकल्प मात्र बायकांच्या हिंडण्याफिरण्याचा आहे. समाजशास्त्रज्ञ शिल्पा फडके, पत्रकार समीरा खान आणि आर्किटेक्ट शिल्पा रानडे या तिघींनी २००३ ते २००६ या काळात मुंबईतल्या वेगवेगळ्या वस्त्यांत, बाजारांत, बागांत, स्टेशनांवर निरीक्षणं केली. कोण कुठे उभं आहे, किती वेळ, काय करत, असे नकाशे काढले. पानटपरीपाशी, नाक्यावर, कट्ट्यावर पुरुष नुसतेच उभे. बाई मात्र चाललेली, आणि भरभर चाललेली. हातात पिशवी, फाइल किंवा कानाला फोन. थांबायचंच तर बसस्टॉपवर, कारण तिथे थांबायला निमित्त असतं. भारतातलं सर्वांत सुरक्षित म्हणून मिरवणारं शहरही बाईला बिनकामाचं बाहेर राहू देत नाही, हा या निरीक्षणांचा निष्कर्ष. आणि तिघींनी त्यावर केलेली मागणी सगळ्यांना चक्रावणारी होती. सुरक्षितता नंतर बघू, आधी निष्कारण भटकण्याचा हक्क द्या. कारण सुरक्षिततेच्या नावाखाली बाईला शेवटी घरीच बसवतात.

याच कामातून सार्वजनिक शौचालयांचा प्रश्न पुढे आला. पारोमिता व्होरांचा 'क्यूटूपी' हा माहितीपट २००६चा. २०११मध्ये मुंबईत 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली; पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हा हिशेब तिनं पालिकेसमोर ठेवला. त्याच वर्षी तिघींचं 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक आलं आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईतल्या मुली रात्री मुद्दाम भटकायला निघू लागल्या. कराचीत चहाच्या ढाब्यांवर बसणाऱ्या मुलींची चळवळही याच सुमाराची.

असेच प्रयोग दिल्लीत चालले होते. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९६३ साली उभारलेल्या सीएसडीएस या संशोधन संस्थेत नव्या शतकाच्या तोंडावर 'सराय' हे केंद्र सुरू झालं. रवी सुंदरम, रवी वासुदेवन हे अभ्यासक आणि रक्स मीडिया कलेक्टिव्हचे तिघे कलावंत हे त्याचे संस्थापक. सरायनं स्वतंत्र फेलोशिप दिल्या, त्याही विद्यापीठाचा शिक्का नसलेल्यांना. अट एकच महत्त्वाची: दर महिन्याला आपलं काम, अर्धंकच्चं असलं तरी, सगळ्यांपुढे मांडायचं. 'अंकुर' संस्थेबरोबर त्यांनी वस्त्यांत 'सायबरमोहल्ला' उभा केला. त्यातल्या तरुणांनी नांगला माची ही यमुनाकाठची वस्ती २००६ साली तुटताना आतून लिहून काढली, आणि ते लेखन पुढे 'बहुरूपिया शहर' या हिंदी पुस्तकात आलं. मुंबईचा भर मोजण्यावर, तर दिल्लीचा लिहिण्यावर. दोन्हीकडे अभ्यासाचा विषय असलेला माणूसच अभ्यासक झाला.

आता शंका. पहिली, विद्यापीठातल्या मंडळींची: नमुना छोटा, पद्धत ढिली, तुलनेला आधार नाही. फेलोशिपच्या बऱ्याच अहवालांबाबत ही शंका रास्त आहे. वर्षभरात दहा नवशिक्यांनी केलेल्या कामावर धोरण ठरवता येत नाही. कौला बंदरच्या कामाला वजन आलं ते गल्लीतल्या माहितीला संख्याशास्त्राची जोड मिळाल्यामुळे. दुसरी शंका जास्त अवघड आहे. आपल्याच माणसांचा अभ्यास करताना काही गोष्टी दिसतच नाहीत, आणि दिसल्या तरी लिहिता येत नाहीत. पाणी विकणारा हा शेजारीच असतो, कदाचित मामाच. त्याचा दर वहीत उतरवायचा म्हणजे सोपं काम नव्हे. बाहेरचा अभ्यासक निघून जातो, आतल्याला तिथेच राहायचं असतं. तिसरी अडचण पैशांची. असं काम ट्रस्टच्या अनुदानावर चालतं, आणि अनुदान थांबलं की गट पांगतात. परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांना तर २०२०च्या कायदादुरुस्तीनं तो पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २०वर आली.

एक चौथी शंका वस्तीतूनच येते आणि ती सर्वांत रोखठोक असते: 'लिहून घेतलंत, आता नळ कधी?' याला संशोधकाकडे उत्तर नसतं. २०१४च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल दिला की झोपडी बेकायदा आहे एवढ्या कारणानं पाणी नाकारता येणार नाही. तो लढा होता संघटनेचा आणि वकिलांचा. नुसत्या अहवालानं नळ येत नाही. पण अहवाल हाताशी नसेल तर भांडायचं कशाच्या जोरावर, हाही प्रश्न उरतोच.

आणि तो आज जास्त टोकदार झाला आहे. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, त्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक झोपडपट्टीत. त्यानंतरची २०२१ची जनगणना वेळेवर झालीच नाही. दरम्यान शहर कुठल्या कुठे गेलं. पुनर्विकास, मेट्रो, कोस्टल रोड यांचे निर्णय होत राहिले, जुन्या आकड्यांवर किंवा बिल्डरनं केलेल्या सर्व्हेवर. ज्या वस्तीकडे स्वतःची मोजणी आहे, तिला निदान समोरच्याचा आकडा खोडता येतो.

यासाठी दर वेळी नवी संस्था उभारायची गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आणि समुदाय सहभाग यांचे श्रेयांक मिळवावे लागतात. प्राध्यापकाकडे साठ मुलं, हातात एक सत्र. अशा वेळी 'प्लास्टिकचे दुष्परिणाम'वर झेरॉक्सच्या दुकानातून बांधून आणलेली फाइल आली तर नवल नाही. पुकारची पद्धत इथे उचलता येईल, आणि फुकट उचलता येईल. दहाजणांचा गट, गल्लीतला एक नेमका प्रश्न, वही, मोजपट्टी, परवानगी, आणि शेवटी ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्याच समोर मांडणी. हा शेवटचा भाग गाळला, तर तो पुन्हा एक गुणांसाठी केलेला प्रकल्प होतो. इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या पेठेत, पुण्याच्या पेठांबाहेरच्या टेकड्यांवर, सोलापूरच्या विडी कामगारांच्या वसाहतींत असे किती प्रश्न पडून आहेत, ते तिथल्या मुलांइतकं कोणालाच ठाऊक नाही. ते प्रश्न त्यांना विचारू द्यावेत, आणि उत्तरांसाठी वॉर्ड ऑफिसची दारं उघडी ठेवावीत.