दिल्ली कॉलेजातील उच्च गणित : एका अभ्यासक्रमाची गृहीतके

विद्यापीठातील प्रगत गणिताच्या अभ्यासक्रमाला दोन प्रकारचे नियम असतात. पहिल्या प्रकारचे नियम छापील असतात. व्याख्यानांना किती उपस्थिती हवी, गृहपाठ केव्हा द्यावयाचा, अंतर्गत परीक्षेला किती गुण, हे सारे त्यांत येते. दिल्ली विद्यापीठाच्या अध्यादेशांतील दोन-तृतीयांश उपस्थितीची अट ही त्यांतलीच, आणि विद्यार्थी तिचा हिशेब चोख ठेवतात. दुसऱ्या प्रकारचा नियम क्वचितच लिहिलेला असतो. परंतु अभ्यासक्रमाचा प्राण त्यातच असतो. विद्यार्थ्याने काय गृहीत धरावे व काय धरू नये, हा तो नियम होय. शाळेत ज्याने शेकडो विकलजे काढली आहेत, त्याला वास्तव विश्लेषणाच्या पहिल्या तासाला सांगण्यात येते की, विकलजाचे अस्तित्व सिद्ध होईपर्यंत त्याचे नावही घ्यावयाचे नाही. व्याकरणाच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित नाही. पाणिनीची परिभाषासूत्रे स्वतः कोणतेही रूप सिद्ध करीत नाहीत; इतर सूत्रे कशी लावावयाची तेवढेच ती सांगतात. गणिताच्या वर्गातील हा अलिखित नियम त्याच जातीचा आहे.

या नियमावर भारतात उभ्या राहिलेल्या अत्यंत विलक्षण ग्रंथांपैकी एक दिल्लीत लिहिला गेला. मास्टर रामचंद्र यांचा महत्तम व लघुत्तम मूल्यांच्या प्रश्नांवरील इंग्रजी प्रबंध १८५० साली कलकत्त्याला छापला गेला. रामचंद्रांचा जन्म १८२१ मध्ये पानिपतचा. वडील लवकर गेले, कुटुंबाचा भार अंगावर आला, मध्ये काही काळ कारकुनी करावी लागली. १८४१ मध्ये ते दिल्ली कॉलेजात शिकावयास आले आणि १८४४ मध्ये त्याच कॉलेजाच्या प्राच्य शाखेत दरमहा पन्नास रुपयांवर पाश्चात्त्य विज्ञानाचे शिक्षक झाले.

ही प्राच्य शाखा हा त्या काळातील एक अपूर्व प्रयोग होता. तेथे गणित, खगोल आणि पदार्थविज्ञान उर्दूतून शिकविले जाई. पाठ्यपुस्तके नव्हती, ती कॉलेजाच्या आश्रयाने चाललेल्या भाषांतरमंडळाने तयार करावयाची होती. बीजगणित, त्रिकोणमिती, कलन या विषयांवरील उर्दू पुस्तके रामचंद्रांनीच रचली. तेव्हा तेथील शिक्षकाकडून असलेली अपेक्षा आजच्या प्राध्यापकाला धडकी भरविणारी होती : आधी परिभाषा घडवावी, मग पुस्तक लिहावे, आणि त्यानंतर वर्गात जावे. विद्यार्थी मुख्यतः अरबी-फारसीच्या परंपरेत वाढलेले, तर्कशास्त्रात तयार, वादात पटाईत. प्राचीन तत्त्वज्ञानाची मते नव्या प्रायोगिक विज्ञानापुढे कशी फिकी पडू लागली, हे रामचंद्रांनी आपल्या आत्मवृत्तात नोंदविले आहे. अशा विद्यार्थ्यांना सिद्धता म्हणजे काय, हे शिकवावे लागत नव्हते. उणीव होती ती कलनाची.

महत्तम आणि लघुत्तम मूल्ये काढणे हे कलनाचे हक्काचे क्षेत्र. एखादी राशी वाढत वाढत जेथे कमी होऊ लागते, तेथे तिचे विकलज शून्य होते. ते शून्य शोधले की काम झाले. रामचंद्रांनी स्वतःवर बंधन घातले ते असे : कलन वर्ज्य, केवळ बीजगणित ग्राह्य. हे कसे साधते, ते एका साध्या उदाहरणावरून दिसेल. दहाचे दोन भाग असे करावयाचे की त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त यावा. एक भाग क्ष, दुसरा दहा वजा क्ष, आणि गुणाकार र मानला, तर क्षसाठी एक वर्गसमीकरण मिळते. ते सोडविले की क्षची किंमत पाच, अधिक किंवा उणे, पंचवीस वजा र याचे वर्गमूळ, अशी येते. आता र पंचवीसपेक्षा मोठा घेतला, तर मूळचिन्हाखाली ऋण संख्या उरते आणि उत्तर अशक्य होते. म्हणून पंचवीस हीच सीमा, आणि त्या सीमेवर दोन्ही भाग पाच-पाच.

वर्गसमीकरणात हे सोपे आहे. पद्धतीचा कस लागतो तो त्याच्या पुढे. बाराचे दोन भाग असे करावयाचे की एकाचा वर्ग गुणिले दुसरा ही राशी महत्तम व्हावी. येथे समीकरण त्रिघाती होते. त्याचा एक घटक वेगळा काढला, तर वर्गसमीकरण उरते. ते वास्तव मुळे देते की नाही, एवढेच मग पाहावयाचे. उत्तर आठ आणि चार असे येते. आठाचा वर्ग चौसष्ट, त्याची चौपट २५६. सात व पाच घेतल्यास २४५, नऊ व तीन घेतल्यास २४३. कलनाने हेच उत्तर दोन ओळींत मिळते, हे खरे. परंतु येथे अनंतसूक्ष्म राशींचा उल्लेखही करावा लागत नाही, आणि वर्गसमीकरण जाणणारा विद्यार्थी प्रत्येक पायरी आपल्याच बळावर तपासू शकतो.

या साऱ्या रचनेचे बिजागर एका वाक्यात आहे : ऋण संख्येला वर्गमूळ नाही. हे वाक्य दिल्लीला युरोपातून यावयाचे नव्हते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितात ते सांगून ठेवले आहे, आणि कारणही दिले आहे : ऋण संख्या हा कोणाचाही वर्ग नव्हे. रामचंद्रांच्या प्रबंधाचे बीजगणिताच्या भारतीय परंपरेशी असलेले हे नाते ध्रुव रैना व एस. इरफान हबीब या अभ्यासकांनी सविस्तर तपासले आहे.

भास्कराचार्यांचे नाव आले की मराठी अभ्यासकाला चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखाची आठवण होणे साहजिक आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी प्रकाशात आणलेला हा लेख शके ११२८ मधील, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथ तेथे अवश्य शिकविले जावेत असे ठरविले, आणि निकुंभ सामंतांनी त्याला दान दिले, असे त्यात सांगितले आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. शेवटी मात्र भाषा बदलते. बाजारातील मालावरचा आणि तेलाच्या घाण्यावरचा मठाचा हिस्सा जुन्या मराठीत नोंदविला आहे. अभ्यासक्रमाचे शास्त्र संस्कृतात आणि त्याचा खर्च मराठीत, अशी ही वाटणी आहे. व्यापारी आणि तेली यांना जे कळले पाहिजे ते त्यांच्या भाषेत लिहिले. विद्यार्थ्याची भाषा कोणती असावी, हा प्रश्न तेथे उपस्थितच झाला नाही.

तो प्रश्न एकोणिसाव्या शतकात दिल्ली आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी उभा राहिला. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकविणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी कलनावर मराठीत पुस्तक लिहिले आणि विषयाला 'शून्यलब्धि' असे नाव दिले. शून्याकडे जाणाऱ्या राशींपासून जे लब्ध होते ते, हा अर्थ त्या शब्दात स्पष्ट वाचता येतो. पुढे विकलन, अवकलन असे शब्द रूढ झाले, हिंदीत सुधाकर द्विवेदींनी 'चलन-कलन' वापरला. परंतु शून्यलब्धि या शब्दाइतका आपल्या आशयाविषयी प्रामाणिक शब्द क्वचितच सापडेल. जांभेकरांचे धोरण रामचंद्रांच्या प्रबंधाच्या नेमके उलट होते. एकाने नवे शास्त्र जसेच्या तसे स्वभाषेत आणले. दुसऱ्याने, निदान या ग्रंथात, नव्या शास्त्राची फळे जुन्या शास्त्राच्या झाडावर धरून दाखविली. दोन्ही कामे आवश्यक होती. पहिले अधिक टिकाऊ होते, हे मान्य करावे लागते. रामचंद्रांच्या पद्धतीत प्रश्न जसजसा अवघड होतो, तसतशी नवी युक्ती लागते, आणि वर्गातील प्रत्येकाकडून युक्तीची अपेक्षा ठेवता येत नाही.

ग्रंथ स्वखर्चाने निघाला आणि कलकत्त्याच्या पत्रांतून त्याच्यावर टीका झाली. खर्च आवाक्याबाहेरचा होता, निराशा मोठी होती. मात्र ड्रिंकवॉटर बेथून यांनी काही प्रती घेऊन इंग्लंडला पाठविल्या. त्यांतील एक लंडनचे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती पडली. डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मधील मदुराईचा, हा योगायोग सांगण्यासारखा आहे. त्यांनी कंपनीच्या संचालकांकडे शब्द टाकला. रामचंद्रांना मानवस्त्रे व दोन हजार रुपये मिळाले, आणि १८५९ मध्ये डी मॉर्गन यांच्या दीर्घ प्रस्तावनेसह ग्रंथ लंडनला पुन्हा छापला गेला. भारतीय विद्यार्थ्याला युरोपीय गणिताचे तयार निकाल पाठ करावयास लावण्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या परंपरेतील शोधक वृत्ती जागी करावी, असा डी मॉर्गन यांचा युक्तिवाद होता. त्यात पौर्वात्य मनाविषयीची तत्कालीन ठोकळेबाज कल्पना आहे. तरीही अभ्यासक्रमाचे धोरण म्हणून तो विचार फेटाळण्याजोगा नाही.

परंतु तोवर वर्गच उरला नव्हता. १८५७ च्या उठावात कॉलेजाचे प्राचार्य टेलर मारले गेले, ग्रंथालय उद्ध्वस्त झाले, आणि १८५२ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले रामचंद्र जीव वाचवून शहराबाहेर पडले. त्याच वर्षी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचे उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि परीक्षेभोवती फिरणारे होते. दिल्ली कॉलेज १८६४ मध्ये पुन्हा उघडले, १८७७ मध्ये बंद करून लाहोरला हलविण्यात आले. रामचंद्र रुडकी, दिल्लीची शाळा आणि पतियाळा अशा नोकऱ्या करून १८८० मध्ये वारले.

या सर्व कथेत एक विसंगती राहते, आणि ती भाषेची आहे. उर्दूतून गणित शिकविण्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचणाऱ्या या शिक्षकाने आपला सर्वांत स्वतंत्र ग्रंथ मात्र इंग्रजीत लिहिला. त्याचे मोल ठरविणारे कलकत्त्यात व लंडनमध्ये होते, आणि ते उर्दू वाचीत नव्हते. वर्गसमीकरणापासून महत्तम मूल्यापर्यंत ज्यांना कलनावाचून चालत जाता आले असते, ते प्राच्य शाखेतील तर्कपटू विद्यार्थी. पण त्यांतील ज्यांना इंग्रजी येत नव्हते, त्यांना आपल्याच शिक्षकाचे हे पुस्तक वाचता येण्यासारखे नव्हते.