तुमच्या शेअरचे पैसे खाणीपर्यंत पोहोचतात का?

मोबाइलवर डिमॅट खाते उघडून कोल इंडियाचा शेअर घेतला, की आपला पैसा वेस्टर्न कोलफील्ड्सला (वेकोलि), म्हणजे वणी तालुक्यातल्या उकणी किंवा घोन्साच्या खाणीला मिळतो, अशी अनेकांची समजूत असते. तसे होत नाही.

वेकोलि शेअर बाजारात नाहीच; तिची संपूर्ण मालकी कोल इंडियाकडे आहे. आणि कोल इंडियाचा शेअर तुम्ही घेता, तेव्हा समोर कोणीतरी तो विकत असतो. पैसे त्याच्या खात्यात जातात. कंपनीच्या लेखी फक्त भागधारक बदलतो.

‘पण आयपीओचा पैसा तर कंपनीलाच मिळाला ना?’ तोही नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये केंद्र सरकारने आपल्याकडचे 10 टक्के, म्हणजे 63.16 कोटी शेअर विकायला काढले. भाव ठरला 245 रुपये. किरकोळ गुंतवणूकदारांना 5 टक्के सवलतीने 232.75. जमलेले 15 हजार कोटींहून अधिक रुपये सरकारी तिजोरीत गेले, कारण कोल इंडियाने नवा शेअर एकही काढला नव्हता. जानेवारी 2015 मध्ये सरकारने पुन्हा 10 टक्के विकले, तेव्हाही तेच. 2016 मध्ये तर कंपनीनेच 335 रुपये भावाने शेअर परत विकत घेतले. पैसा कंपनीतून बाहेर पडला.

मग खुल्या बाजारातल्या खरेदीचा काहीच उपयोग नाही? आहे, पण आडवळणाने. मागणीमुळे भाव वाढतो आणि भाव टिकला, तर पुढे नवे शेअर काढणाऱ्या कंपनीला फायदा होतो. एखाद्या खाण कंपनीला 100 कोटी हवे असतील, तर 50 रुपये भावाला 2 कोटी नवे शेअर द्यावे लागतात, 100 रुपयांना 1 कोटीच. जुन्या भागधारकांचा वाटा तेवढा कमी घटतो. दोन-चार दिवसांच्या उसळीवर मात्र विसंबू नये: संस्थांना शेअर देताना किमान भाव साधारण दोन आठवड्यांच्या सरासरीवरून ठरतो.

ज्यांची शेती खाणीत गेली, त्यांच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची. शेअर पडला म्हणून मोबदला अडकतो, हे खरे नाही. कोळसाक्षेत्र संपादनाच्या 1957 च्या कायद्याने घेतलेल्या जमिनीचा मोबदला हे कायदेशीर देणे आहे. शेअरच्या भावाशी त्याचा संबंध नाही. तसे कारण कोणी सांगितले, तर लेखी मागा.

आणि पुढच्या इश्यूला अर्ज करण्याआधी माहितीपत्रकात ‘फ्रेश इश्यू’ आहे की ‘ऑफर फॉर सेल’, एवढे जरूर बघा. फ्रेश इश्यूचाच पैसा कंपनीकडे जातो.