बडतर्फी आणि 'गैरवर्तन'

औद्योगिक आस्थापनेतील कामगाराचे कोणते वर्तन नोकरीवर बेतू शकते, हे भारतात केवळ मालकाच्या मर्जीवर सोपवलेले नव्हते. 1946 च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखालील आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे सेवाशर्तींच्या नमुना नियमावलीत, 'गैरवर्तन' या सदराखाली अशा कृत्यांची यादीच दिलेली होती. वरिष्ठांच्या कायदेशीर व वाजवी हुकमाची हेतुपुरस्सर अवज्ञा, चोरी, अफरातफर, लाचखोरी, मालमत्तेची नासधूस आणि रजेविना सलग 10 दिवसांहून अधिक गैरहजेरी यांचा तीत समावेश होता. उशिरा येणे मात्र तेवढ्याने गैरवर्तन ठरत नसे. त्याला 'सवयीने' हे विशेषण जोडलेले होते, आणि बहुतेक वाद याच शब्दाभोवती घुटमळले, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

पूर्वीच्या चुकांचे वजन किती, हे पुण्यातील एका कारखान्याच्या प्रकरणात दिसते. तेथे 1983 मध्ये एक कामगार कामाच्या वेळेत झोपलेला आढळला. कामगार न्यायालयाला बडतर्फीची शिक्षा प्रमाणाबाहेर वाटली, परंतु पूर्वी तीनदा असेच घडले असल्याने सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ती कायम केली. अर्थात आरोपपत्र आणि बचावाची संधी देणारी अंतर्गत चौकशी यांवाचून दिलेली बडतर्फी सहसा टिकत नाही. चौकशीपूर्व निलंबनात कामगाराला निर्वाह भत्ता, म्हणजे पहिले 90 दिवस निम्मे वेतन, देणे 1982 च्या दुरुस्तीने बंधनकारक झाले.